दप्तर टिकतें कशानें?

गेल्या दोनतीन वर्षांत एक सूचना आमच्या कानीं वारंवार येऊं लागली आहे. शाळेचीं जुनीं रजिस्टरें, निकालपत्रकें व या वार्षिकाचे मागील अंक यांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत सांठविण्याचें काम सुरू झाल्यापासून कांहीं सुविद्य पालक आम्हांस विचारतात, "आतां सर्व कांहीं संगणकांत आलें, मग कपाटें अडवून बसलेलीं हीं धुळकट बाडें रद्दींत कां घालूं नयेत?" सूचना सद्हेतूची आहे, व जागेची अडचण तर खरीच आहे. तथापि या प्रश्नाचें उत्तर घाईनें देण्याजोगें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या आजोबांची जन्मतारीख, त्यांचें मूळ गांव व त्यांच्या वडिलांचें नांव हीं आज केवळ दाखल-खारीज रजिस्टराच्या एखाद्या ओळींत उरलीं आहेत. जातीचा दाखला असो वा वारसाची नोंद असो, ती एक ओळ न मिळाल्यास घरचें केवढें काम अडतें हें पालकांस सांगावयास नको. यास्तव कागदावरील दप्तर व संगणकांतील दप्तर, म्हणजे हल्लीं ज्यास डिजिटल म्हणतात तें, यांपैकीं कोणतें किती टिकतें व कशानें टिकतें, याचा येथें थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें गांव पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल, निदान त्याचें नांव तरी ऐकलें असेल. महानुभाव पंथाचें हें मोठें क्षेत्र. श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्य येथेंच होतें, आणि येथेंच इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ होय. म्हाइंभटांची पद्धति आजच्या इतिहासलेखकानेंही शिकावी अशी होती. श्रीचक्रधरांच्या सहवासांत जीं माणसें राहिलीं त्यांच्याकडे स्वतः जावें, कोण काय सांगतो तें नीट ऐकावें, नागदेवाचार्यांकडून तें तपासून घ्यावें व मग लिहावें, असा त्यांचा क्रम होता. २०२४ सालीं याच रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठाचें काम सुरू झालें, हें योग्यच झालें.

परंतु म्हाइंभटांच्या हातची ती मूळ प्रत आज कोठेंही नाहीं. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या फौजांच्या स्वाऱ्यांची धामधूम दक्षिणेंत चालू असतां ती नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. मग ग्रंथ वांचला कसा? कित्येकांस तो मुखोद्गत होता, म्हणून वांचला. हिराइसेसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या शिष्यांनीं व पुढें त्यांच्या परंपरेंतील मंडळींनीं आठवणींवरून त्याची पुन्हां जुळणी केली. माणसें निराळीं तशा आठवणीही थोड्या निराळ्या. त्यामुळें लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ झाले, व कोणता पाठ मूळाच्या जवळचा याची चिकित्सा विद्वान् अद्यापि करीतच आहेत. विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, हा ग्रंथ कागदाच्या बळकटपणानें वांचला नाहीं. मूळ जेथें होतें त्याहून निराळ्या ठिकाणीं व निराळ्या रूपानें त्याची प्रत होती म्हणून वांचला. तें निराळें रूप म्हणजे माणसाचें मन होतें, एवढेंच.

याच पंथाच्या इतिहासांत दुसरी एक गोष्ट आहे, व ती आमच्या विषयास पहिलीहूनही अधिक लागू पडते. आपले ग्रंथ अनधिकारी माणसांच्या हातीं जाऊं नयेत म्हणून चौदाव्या शतकांत महानुभावांनीं ते सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. सकळ लिपि ही त्यांतील प्रमुख. तिच्याशिवाय सुंदरी वगैरे आणखी लिप्या होत्या. या लिप्यांची युक्ति मुळांत साधी आहे. एका अक्षराच्या ऐवजीं दुसरें अक्षर किंवा चिन्ह लिहावयाचें, व कोणत्या अक्षरासाठीं कोणतें चिन्ह याचें कोष्टक पंथांतील जाणत्यांजवळ ठेवावयाचें. परिणाम असा झाला कीं, शतकानुशतकें ते ग्रंथ मठांतून धडधाकट होते, शाई स्वच्छ होती, पान फाटलें नव्हतें, आणि तरीही बाहेरच्या मराठी वाचकाला ते अगदीं मुके होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हां कुठें या वाङ्मयाचें दार उघडलें. पुढें १९३६ पासून नागपुरास ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्राचे भाग छापून काढण्यास सुरुवात केली. मठांतून तीं कोष्टकें पिढ्यान्‌पिढ्या कोणी जपलीं नसतीं, तर तें दार उघडणें किती कठीण झालें असतें याची कल्पनाच करावी.

अर्थात् लिहिलेली गोष्ट नष्ट होण्याच्या वाटा दोन आहेत. वस्तूच नाहींशी होते, ही एक. आणि वस्तु जागच्या जागीं असून ती वाचण्याची किल्ली हरवते, ही दुसरी. कागद व संगणक या दोघांसही या दोन्ही वाटांचें भय आहे. मात्र सारख्या प्रमाणांत नाहीं.

प्रथम कागदाचें पाहूं. जुन्या पोथ्यांचा कागद हातानें केलेला असे. चिंध्या, ताग वगैरेंचे लांब तंतु कुटून त्यांचा लगदा करीत व त्यापासून कागद काढीत. दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे. शाई काजळ व डिंक यांची. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो उन्हानें फिका पडत नाहीं व हवेनें बदलत नाहीं. म्हणून चारशें वर्षांपूर्वींच्या पोथींतील अक्षर कालच लिहिल्यासारखें काळें दिसतें. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांकडाच्या लगद्यापासून यंत्रानें स्वस्त कागद होऊं लागला. त्यावर शाई फुटूं नये म्हणून तुरटी व राळ यांचा हात देत. या तुरटीमुळें कागदांत आम्ल उत्पन्न होतें, व तें आम्ल तंतूंना आंतून तोडीत राहतें. वर्तमानपत्राचा एखादा कपटा खिडकींत आठपंधरा दिवस उन्हांत ठेवून पहा. तो पिवळा पडून कडकडीत होतो. शंभर वर्षांपूर्वींचीं छापील पुस्तकें हातांत घेतांच पापडासारखीं मोडतात, पण त्यांच्याहून जुन्या पोथ्या मात्र निर्धास्तपणें उलगडतां येतात, याचें कारण हें आहे. नवें तें टिकाऊ असा आपला समज असतो; कागदाच्या बाबतींत कित्येक वर्षें तो अगदीं उलट ठरला. वाळवी, कसर व ओल हे कागदाचे जुने शत्रु सर्वांस ठाऊकच आहेत. त्यांवर आपल्या वाडवडिलांचे उपाय म्हणजे पोथीच्या घडींत वेखंडाची कांडी किंवा कडुनिंबाचा पाला ठेवावा, पोथी घट्ट रुमालांत बांधावी आणि वर्षांतून एकदां सोडून वारा द्यावा. ते आजही निरुपयोगी झालेले नाहींत.

कागदाचा सर्वांत मोठा गुण आमच्या मतें असा कीं, तो निजूं शकतो. चांगला कागद कोरड्या जागीं ठेवला आणि पन्नास वर्षें सर्वजण त्याला विसरले, तरी एकावन्नाव्या वर्षीं तो उघडून वाचतां येतो. चर्मपत्राची गोष्ट तर याहून नवलाची. १९४७ सालीं मृतसमुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत मातीच्या मडक्यांतून जुन्या गुंडाळ्या सांपडल्या. त्यांत यशयाच्या ग्रंथाची एक गुंडाळी होती. ती इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे तोंपर्यंत ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारें हजार वर्षांनीं जुनी. दोन हजार वर्षें तिच्याकडे कोणीही पाहिलें नव्हतें. तरी ती उलगडतांच जाणत्यांस वाचतां आली, कारण हिब्रू वाचणारे लोक मध्यंतरीं नाहींसे झाले नव्हते. कागदाचा दुसरा गुण असा कीं, तो हळूहळू मरतो. वाळवीनें एक कोपरा खाल्ला तर तेवढींच अक्षरें जातात, बाकीचें पान बोलतच असतें.

पण कागद एका वेळीं एकाच ठिकाणीं असतो, हा त्याचा मोठा दोष. ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यास आग लागली. डॉ. विल्यम कॅरी यांनीं पुष्कळ वर्षें खपून तयार करीत आणलेल्या अनेक भाषांच्या कोशाचें हस्तलिखित तींत जळून गेलें, व तो कोश पुढें प्रकाशांत आला नाहीं. परंतु त्यांचेंच मराठीचें व्याकरण १८०५ सालीं छापून अनेक हातीं गेलें होतें. तें आजही उपलब्ध आहे. आपल्या काळांतील उदाहरण हवें असल्यास ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावानें केलेला हल्ला आठवावा. कित्येक दशकें जपलेल्या ग्रंथांची व हस्तलिखितांची कांहीं तासांत नासधूस झाली. हातानें दुसरी प्रत करून ठेवावी म्हटलें तर तें काम दीर्घ आणि चुकांचें. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलकारांच्या हातून इतके अपपाठ शिरले होते कीं, १५८४ सालीं श्रीएकनाथांस तिचें शुद्धीकरण करावें लागलें.

आतां संगणकाकडे वळूं. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें, त्याला अंक ठाऊक असतात. आणि तेही एक व शून्य हे दोनच. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक देऊन तो क्रमांक एक व शून्य यांच्या मालिकेनें लिहावयाचा, ही सारी युक्ति. सध्यां सर्व जगांत चालणाऱ्या युनिकोड नांवाच्या व्यवस्थेंत आपल्या 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. छायाचित्राचेंही तसेंच, चित्राचे लाखों सूक्ष्म ठिपके पाडून प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकानें नोंदतात. हे एक आणि शून्य हार्ड डिस्कमध्यें चुंबकाच्या सूक्ष्म खुणांनीं, पेनड्राईव्हमध्यें विजेच्या सूक्ष्म भारांनीं, व सीडीमध्यें रंगद्रव्यावर पडलेल्या डागांनीं ठेवलेले असतात.

यांतून एक विलक्षण लाभ होतो. अंकाची नक्कल अंकच असते. तींत नकलकाराचें हस्ताक्षर येत नाहीं, डुलकी येत नाहीं. शंभराव्या नकलेची हजारावी नक्कल मूळाशीं तंतोतंत जुळते, आणि ती जुळते कीं नाहीं हें तपासतांही येतें. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटीं ओव्यांची किंवा ग्रंथाची संख्या लिहिलेली असे, ती कशासाठीं? नकलेंत कांहीं गळालें किंवा कोणी पदरचें घातलें तर मोजतांच कळावें म्हणून. हिब्रू शास्त्रलेखकही आपल्या ग्रंथांतील शब्द व अक्षरें मोजून ठेवीत. संगणक हेंच काम अधिक कडकपणें करतो. फाईलींतील सर्व अंकांवर एक ठराविक गणित करून त्यावरून एक पडताळा-अंक काढतात. मूळांत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा अंक बदलतो. दुकानदार संध्याकाळीं रोजकीर्दीचा मेळ घेतो, तसा दप्तर सांभाळणारानें या अंकाचा मेळ ठराविक काळानें घ्यावयाचा असतो. शिवाय अशी प्रत क्षणांत अमरावतीस, पुण्यास किंवा परदेशीं पाठवितां येते. म्हाइंभटांच्या ग्रंथाच्या अशा चार प्रती चार ठिकाणीं असत्या तर पाठभेदांचा प्रश्नच उद्भवला नसता. हा लाभ लहान नव्हे, व जे लोक संगणकास केवळ खेळणें समजून त्याची हेटाळणी करतात त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं.

परंतु संगणकांतील दप्तराला निजतां येत नाहीं. पेनड्राईव्हमधील विजेचा भार वर्षानुवर्षें न वापरल्यास हळूहळू गळतो. सीडीचें रंगद्रव्य उष्णतेनें व उजेडानें बिघडतें. वऱ्हाडचा उन्हाळा तिला मानवणारा नव्हे. हार्ड डिस्क हें तर फिरतें यंत्र, तें कांहीं वर्षांनीं झिजून बंद पडावयाचेंच. आणि बिघाड झाला म्हणजे कागदाप्रमाणें एक कोपरा जाऊन भागत नाहीं. पुष्कळदां सबंध फाईल उघडेनाशी होते, सबंध डिस्क मुकी होते. बाहेरून पाहिलें तर वस्तु जशीच्या तशी, झळझळीत. वाळवी लागल्याचें कळतें तरी. येथें तेंही कळत नाहीं.

याहून मोठें भय किल्लीचें आहे. पंचवीसतीस वर्षांपूर्वीं आपल्याकडे संगणकावर मराठी लिहूं लागले तेव्हां युनिकोडचा प्रसार झाला नव्हता. त्या वेळची युक्ति अशी होती कीं, संगणकास इंग्रजी अक्षरच लिहावयास सांगावयाचें, व तें पडद्यावर दिसतांना त्याचें चित्र मात्र मराठी दाखवावयाचें. कृतिदेव नांवाच्या फाँटमध्यें इंग्रजी 'डी' या लहान अक्षराच्या जागीं 'क' चें चित्र होतें. म्हणजे फाईलींत सांठलें 'डी', दिसला 'क'. तो फाँट ज्या संगणकांत नाहीं तेथें ती फाईल उघडली कीं, इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी दिसते. प्रत्येक कंपनीचा फाँट निराळा, त्याचें कोष्टकही निराळें. वाचकहो, ही सकळ लिपि नव्हे तर दुसरें काय? महानुभावांनीं ती बुद्धिपुरस्सर योजिली होती. आपण ती नकळत योजिली. त्या काळांत लिहिलेले कितीतरी अर्ज, अहवाल, स्मरणिका व कविता आज अशा कुलुपबंद स्थितींत पडून आहेत. सुदैवानें पुष्कळ फाँटांचीं कोष्टकें अजून जाणत्यांजवळ आहेत, व त्यांवरून फाईली युनिकोडमध्यें आणतां येतात. हें काम ज्यांना करावयाचें आहे त्यांनीं तें लवकर करावें.

कोणी म्हणेल, ही आपल्या देशाची हयगय आहे, सुधारलेल्या देशांत असें होत नसेल. तर इंग्लंडांतील एक हकीकत ऐकावी. तेथील राजा विल्यम यानें १०८६ सालीं आपल्या राज्यांतील जमीनजुमल्याची एक मोठी नोंदवही करविली. तिला डूम्सडे बुक म्हणतात. तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी.बी.सी. या संस्थेनें त्याच नांवाचा एक नवा संग्रह केला. देशांतील हजारों शाळांच्या मुलांनीं आपापल्या गांवाची माहिती, नकाशे व छायाचित्रें पाठविलीं, व तीं सर्व त्या काळच्या अद्ययावत् लेझर डिस्कांवर सांठविण्यांत आलीं. ती डिस्क वाचण्यास एक खास यंत्र व एक खास संगणक लागे. पंधरासोळा वर्षांत तीं यंत्रें बाजारांतून गेलीं, चालू स्थितींतील दुर्मिळ झालीं, आणि मुलांनीं जमविलेली माहिती वाचतां येईना. २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं नव्या संगणकास जुन्या संगणकाचें सोंग घ्यावयास लावून ती पुन्हां वाचून दाखविली. यासाठीं मोठा खटाटोप पडला. १०८६ ची चर्मपत्रावरील वही मात्र या सर्व काळांत लंडन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत वाचण्यास तयार होती.

तथापि येथें कागदाची बाजू घेऊन थांबणें न्यायाचें होणार नाहीं, कारण कागदाचीही किल्ली हरवते. हडप्पा व मोहेंजोदडो येथील मुद्रा दगडावर कोरलेल्या. त्यांच्याइतकें टिकाऊ साधन मिळणें कठीण. त्या आजवर निर्विवादपणें कोणास वाचतां आलेल्या नाहींत. दूर कशाला, आपल्या मोडीचेंच घ्या. आपल्या पणजोबांचीं खरेदीखतें, सावकाराच्या वह्या, महसुलाच्या नोंदी मोडींत आहेत. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडीचें शिक्षण बंद झालें, व दोन पिढ्यांत ती वाचणारे इतके विरळ झाले कीं, २०२३ सालीं मराठवाड्यांत जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचें काम शासनानें हातीं घेतलें तेव्हां मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली. कागद होता, अक्षर होतें, डोळे नव्हते. युनिकोडमध्यें मोडीस २०१४ सालीं जागा मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु क्रमांक मिळाल्यानें लिपि कोणाला वाचतां येत नाहीं, ती शिकावी लागते. आमच्या वरच्या वर्गांतील एखाददुसऱ्या विद्यार्थ्यानें सुटींत मोडी शिकण्याचें मनावर घेतल्यास त्याच्या घरच्या पेटींतूनच त्याला पुष्कळ वाचावयास मिळेल.

आतां घरच्या दप्तराकडे येऊं, कारण दप्तर म्हणजे केवळ सरकारचें किंवा शाळेचें नव्हे. पूर्वीं घरांत फोटो थोडे असत, पण बहुधा त्यांच्या पाठीवर कोणीतरी लिहून ठेवी: अमक्याचें लग्न, अमकें साल, डावीकडून तमके. मोबाईलमधील फोटोस पाठ नाहीं. हजारों फोटो असतात आणि पंचवीस वर्षांनीं त्यांतील म्हातारीबाई कोण हें सांगणारें कोणी नसतें. म्हणून ज्या फोटोंचें महत्त्व आहे तेवढे निवडून, फाईलीच्या नांवांतच माणसाचें नांव, गांव व साल लिहावें, आणि दहावीस तरी कागदावर छापून घ्यावे. कांहीं घरांत आजोबांच्या पश्चात् त्यांचा मोबाईल कुलुपबंद राहतो, कारण उघडण्याचा शब्द त्यांनीं कोणास सांगितलेला नसतो. तो शब्द एका पाकिटांत लिहून घरच्या जोखमीच्या कागदांबरोबर ठेवणें यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. दुसऱ्याच्या कोठारावर सर्वस्वीं विसंबणेंही बरें नव्हे. ऑर्कुट नांवाचें स्थळ आपल्या तरुण पालकांना आठवत असेल; ३० सप्टेंबर २०१४ रोजीं तें बंद झालें. ज्यांनीं आपले फोटो मुदतींत काढून घेतले त्यांचे राहिले.

शेतकरी पालक विचारतील, सातबाऱ्याचें काय? २०१८ पासून आपल्या राज्यांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला, व त्यामुळें तलाठ्याच्या दारीं होणारे हेलपाटे पुष्कळ कमी झाले. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु घरांत वडिलांच्या वेळचे हस्तलिखित उतारे, फेरफाराच्या नकला, खरेदीखतें असतील तीं आतां निरुपयोगी झालीं असें समजून चुलींत घालूं नयेत. संत्र्याच्या बगीच्याच्या बांधाचा तंटा निघाला म्हणजे असाच एखादा जुना कागद उपयोगीं पडतो. संगणकांत नोंद चढवितांना नांवाची वेलांटी चुकली असल्यास ती चूक ज्याच्यावरून दाखवितां येते तो पुरावा तोच.

शाळेपुरतें म्हणावयाचें तर आमचा विचार आतां वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल. रजिस्टरें रद्दींत जाणार नाहींत. त्यांना पुन्हां पुन्हां हाताळल्यानें जी इजा होते ती मात्र थांबवावी. रोजच्या कामास संगणकांतील प्रत वापरावी, आणि मूळ रुमालांत बांधून निजूं द्यावें. संगणकांतील प्रत एक असून चालणार नाहीं. एक शाळेच्या संगणकांत, दुसरी निराळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी शाळेच्या आवाराबाहेर दुसऱ्या गांवीं असली पाहिजे, म्हणजे एका आगीनें किंवा एका चोरीनें तिन्ही जाणार नाहींत. मजकूर युनिकोडमध्येंच असावा. पानें पीडीएफ-ए या प्रकारांत ठेवावीं. २००५ सालीं ठरलेल्या या आंतरराष्ट्रीय प्रकारांत लागणारा फाँट फाईलीच्या आंतच ठेवलेला असतो, म्हणजे किल्ली पेटीबरोबरच राहते. दर वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडतांना एक दिवस ठरवून सर्व डिस्का लावून पहाव्या, पडताळा-अंकांचा मेळ घ्यावा, आणि दर पांच वर्षांनीं डिस्क बदलावी, मग ती चालत असली तरी. या सर्वांस खर्च आहे, आणि तो एकदांचा नसून दर वर्षाचा आहे. संगणकामुळें दप्तर फुकट सांभाळलें जातें अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती सोडावी. खर्चाहूनही अवघड गोष्ट माणसाची आहे: हें काम अमक्याचें असें नांवानिशी ठरलेलें असावें, आणि तो बदलून गेला तर त्याच दिवशीं दुसऱ्याचें नांव लिहिलें जावें. मठांतील कोष्टकें टिकलीं तीं अशाच नेमणुकीनें.

या वार्षिकाच्या जुन्या अंकांपैकीं कांहीं शाळेच्या संग्रहांत नाहींत. ज्या कुटुंबांत असे अंक, जुनीं निकालपत्रकें किंवा वर्गाचे सामुदायिक फोटो असतील त्यांनीं ते उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं शाळेंत आणून द्यावे. छायाचित्र घेऊन ते आठ दिवसांत परत केले जातील. आणतांना जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्यें धरून आणावे, व पाकिटावर आपलें नांव, गांव आणि फोटो असल्यास त्यांतील माणसांचीं नांवें पेन्सिलीनें लिहावीं. पेन्सिलीचें अक्षर ओलीनें फुटत नाहीं. पान फाटलें असल्यास तें तसेंच राहूं द्यावें, चिकटपट्टी लावूं नये. त्या पट्टीचा चिकट थर कागदांत मुरतो व त्याचा पिवळा डाग पुढें कशानेंही जात नाहीं.